चार बोटांचं गाव

अस्टोरियाच्या त्या घरात वारा नदीकडून यायचा
आणि विचारून यायचा नाही.
म्हणून बाप दर रविवारची रंगीत पानं
मैद्याच्या खळीने भिंतीला चिकटवायचा.
आधी आई वाचणार, मग मी, मग भिंत.

बापाला इंग्रजी येत नव्हतं.
तौनो राउतिओ, लाकूड-गिरणीतला, फिनलंडहून आलेला,
चित्रं मात्र कोर्टाच्या कागदांसारखी बघायचा,
नाक टेकवून, रेघ न रेघ.

एक लठ्ठ चौकीदार होता त्या पानांत,
दर आठवड्याला झोपणारा.
डोक्यावर फुगा, फुग्यात ओंडका,
ओंडक्यात अर्धी रुतलेली करवत.
"घोरतोय तो," मी म्हणाले. शाळेत कळलं होतं.
बापाने मान हलवली. "बिचारा.
झोपेतसुद्धा पाळी चुकत नाही त्याची."

एकदा चौकीदाराला कल्पना सुचली
आणि टाळूवर विजेचा दिवा लागला.
आमच्या गल्लीत तेव्हा रॉकेल.
"बिल कुणाच्या नावाने येतं?" बापाने विचारलं,
आणि आई इतकी हसली
की पिठाचे हात तोंडाला लागले.

महापौराच्या पायावर पिंप पडलं, तेव्हा
त्याच्या तोंडून नांगर निघाले, भोवरे, कवट्या,
आपल्याला काजवे दिसतात तिथे त्याला पाचकोनी तारे.
अक्षर एकही नाही.
बाप बराच वेळ गप्प.
"स्वीडिश असणार."
त्या रात्री स्वर्ग दोन बोटं उरला होता त्याला.

रंग कधीच जागेवर नसायचे.
चौकीदारणीचे ओठ तिच्या गालावर,
आभाळाचा निळा कौलांत शिरलेला,
जवळ गेलं की सगळे गोवर आल्यासारखे ठिपके.
"सोमवारचा माणूस पिऊन आला असेल,"
बाप म्हणायचा, यंत्रावरच्या माणसाला
यंत्रावरचा माणूस माफ करतो तसं.

बोटं त्याने मार्चमध्ये मोजली.
फेब्रुवारीत पट्ट्याच्या करवतीने त्याची करंगळी नेली होती.
फोरमनने भुशात थोडा वेळ शोधली,
मग भोंगा झाला.

तो घरी बसून भिंत बघत राहिला.
चौकीदार: चार.
चौकीदारीण, हातमोज्यांतसुद्धा: चार.
महापौर, पाद्री, दंडुका उगारलेला पोलीस,
दुपट्यातलं कालचं मूल.
"इर्या," त्याने हाक मारली, अगदी हळू,
"हे अख्खं गाव गिरणीत होतं."

पाचवं बोट काढलं की हात केळ्यांच्या फणीसारखा दिसतो,
वेळ जातो, शाई जाते,
हे मला पुढे चाळीस वर्षांनी कुणीतरी सांगितलं.
तेव्हा ठाऊक असतं तरी
बोलले नसते.

परवा घर विकायला काढलं.
वाफेने भिंत सोलली: आधी आईची गुलाबी फुलं,
मग हिरवे पट्टे, मग खळीचा तो आंबूस वास,
आणि चौकीदार.
अजून झोपलेला.
ओंडका अजून अर्धाच कापलेला,
लाल जागा तपकिरी पडलेल्या.

त्या वर्षी एप्रिलपासून मला
मासळीच्या कारखान्यात सुरीवर लावायचं ठरलं होतं.
ते का मोडलं, घरात कुणी सांगितलं नाही,
मीही शाळेच्या नादात विचारलं नाही.

चुलीमागच्या कोपऱ्यात, पानाच्या अगदी कडेला,
फुगेवाल्यामागे धावणारी एक पोरगी आहे.
तिला नाव नव्हतं, वाट्याला एकही वाक्य नव्हतं,
गर्दी दिसावी म्हणून काढलेली.
तिच्या दोन्ही हातांना पाच बोटं.

पाचवं छापलेलं नाही.
ओंडक्यांवर खुणा करायची ती जाड पेन्सिल,
थुंकी लावून ओढलेली,
थोडं वाकडं,
थोडं जास्तच लांब.